पोळ्याच्या सकाळी काढलेला फोटो

निसर्गावर प्रेम कसं करायचं, हे मला वयाच्या पंधराव्या वर्षी एका फोटोग्राफरने शिकवलं. त्याआधी मी नुसताच शेतात राहत होतो.

हा गृहस्थ आमच्या गावी आला तेव्हा दुसरं महायुद्ध सुरू व्हायला तीन-चार वर्षं होती आणि श्रावण संपायला तीन दिवस. आमचं गाव कामरगावपासून दोन कोसांवर. तो छोट्या आगगाडीने कारंज्याला उतरला आणि तिथून आमच्या दमणीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत बसून, दोन्ही हातांनी दमणीच्या दांड्या घट्ट धरून, चिखलाचे शिंतोडे खात पोचला. बरोबर लाकडी कॅमेरा, तिपाई, काचेच्या प्लेटांची पेटी, काळं फडकं, एक बासरी आणि एक घोंगडी. घोंगडी! ज्या गावात घरटी चार घोंगड्या, तिथे हा शहरातून नवीकोरी घोंगडी विकत घेऊन आला. तिला अजून दुकानाचा वास होता.

मंगरूळच्या कचेरीतल्या एका साहेबाचा तो लांबचा नातलग. साहेबाने बाबांना चिठ्ठी दिली होती, की हे थोर कलावंत आहेत, नागपूरला फोटोंचं प्रदर्शन भरणार आहे, विषय आहे ‘तरुण आणि निसर्ग’, तरी आपण लागेल ती मदत करावी. बाबांनी ती चिठ्ठी ओसरीवर तीनदा मोठ्याने वाचली. ऐकायला होते आमचे काका आणि सुपारी मागायला आलेला शेजारी. पण बाबांचा आवाज असा, की भरल्या सभेत मानपत्र वाचताहेत.

मी कारंज्याच्या शाळेतून पोळ्याच्या सुट्टीला घरी आलो होतो आणि माझ्या डोक्यात फोटो नव्हता, पोळा होता. आमच्या गावात पोळ्याला सगळ्या बैलजोड्या आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या गुरांच्या मैदानावर जमतात. वर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. ते तुटलं की त्याखालून पहिली जोडी जायची ती आमच्या घरची. हा मान आजोबांच्या आधीपासूनचा. जोडी पुढे धरून चालायचं काम आजोबांनी केलं, मग काकांनी. त्या वर्षी काकांचे गुडघे गेले होते, बाबांचं पोट आलं होतं, म्हणून कासरा माझ्या हातात येणार होता. चार महिने मी वसतिगृहात खाटेच्या पायाला दोरी बांधून चालण्याचा सराव केला होता. पोरं हसायची. मी त्यांना सांगायचो, हसा लेकहो, तुमच्यापैकी कोण साऱ्या गावासमोर पहिला चालणार आहे?

कासरा धरायला मला शिकवलं होतं आमच्या सालदाराने. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेला गडी. हा मात्र अकरा वर्षं आमच्याकडेच होता. चाळिशीचा, तोंडावर देवीचे वण, बोलणं बेताचं. आमचे दोन्ही पांढरे बैल त्याने गोऱ्ह्याचे बैल केले होते. मला तो ‘बापू’ म्हणायचा आणि अरे-तुरे करायचा. बाबांसमोरसुद्धा.

तर पहिल्या दिवशी फोटोग्राफरने गावातली तरुण मंडळी मागवली. गुरं राखणारी, निंदायला जाणारी, विहिरीवर मोट हाकणारी पोरं आली. फोटो निघणार म्हणून बिचाऱ्यांनी नाल्यावर अंघोळी केल्या, डोक्यावर अर्धी वाटी तेल थापलं, लग्नातले कपडे काढले. एकाने बापाचा काळा कोट घातला होता, त्यातून त्याची बोटंही बाहेर येत नव्हती. एकाने म्हशी तशाच कोणाच्या तरी ज्वारीत सोडून धाव घेतली होती. फोटोग्राफरने ह्या रांगेकडे पाहिलं आणि त्याचं तोंड कडू झालं.

“ह्यांच्यात निसर्ग कुठे आहे?” तो बाबांना म्हणाला.

बाबांनीही त्या पोरांकडे असं पाहिलं, की जणू निसर्ग त्यांनी घरी विसरून ठेवलाय. सगळ्यांना परत पाठवलं. मग कलावंताची नजर माझ्यावर पडली. त्याने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाला, “ह्याच्या डोळ्यांत रान आहे!” माझे डोळे आठवड्यापूर्वी आले होते, ते अजून लाल होते. पण हे सांगायला मी काही मूर्ख नव्हतो. नागपूरला माझा फोटो लागणार होता.

गावातल्या एकूण एक पोरांत माझेच तळपाय सगळ्यांत मऊ होते आणि निसर्गपुत्र म्हणून निवड झाली ती माझी. सदरा काढला, टोपी काढली. धोतर गुडघ्याच्या वर खोचलं. छातीला तिळाचं तेल चोळलं, म्हणजे ऊन चमकतं म्हणे. चमकलं ते ऊन नाही, चिलटं चिकटली. खांद्यावर ती दुकानातली घोंगडी, ओठांना बासरी. मला बासरी वाजवता येत नव्हती, आमच्या गावात कोणालाच येत नव्हती. फोटोग्राफर म्हणाला, फोटोत आवाज येत नसतो. हे मात्र खरं बोलला.

मग त्याला झाड हवं होतं. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर एकटी उभी असलेली बाभूळ त्याला पसंत पडली.

“ह्या वृक्षाला आलिंगन दे,” तो म्हणाला.

“ते बाभूळ हाये जी,” मी म्हणालो.

“असू दे. वृक्ष तो वृक्षच.”

बाभळीखाली अनवाणी उभं राहू नये, हे आमच्याकडे रांगत्या पोराला कळतं. त्या थोर माणसाने मला तिथे अनवाणी उभं केलं, खरखरीत खोडाला गाल लावायला सांगितला आणि स्वतः बूट घालून काळ्या फडक्यात शिरला. खोडावरून मुंगळ्यांची रांग चालली होती, ती माझ्या काखेतून वळली. पायात काटा गेला. मी कळवळलो तर फडक्यातून आवाज आला, “वा! हीच व्याकुळता हवी. हलू नकोस!”

संध्याकाळी सालदाराने तो काटा काढला आणि जागेवर बिब्ब्याचा चटका दिला. “झाडाले कोनी असं धरते काय, बापू?” तो म्हणाला. “बाभय कुपाटीले असते, कुंपनाले.” मी त्याला सांगितलं की ही कला आहे, तुला नाही समजायची. तो म्हणाला, “तेई खरं हाये.”

दुसरा दिवस पावसाच्या भुरभुरीत गेला. कलावंत ओसरीवर बसून आकाशाला नावं ठेवत होता, प्रकाश नाही म्हणत होता आणि दर दोन तासांनी चहा मागत होता. कपाशी गुडघ्याएवढी झाली होती, सारा शिवार हिरवा पडला होता. ह्याचं लक्ष मात्र घड्याळाकडे. पोळ्याच्या दिवशी दुपारी त्याला निघायचं होतं.

त्या संध्याकाळी, पोळ्याच्या आदल्या दिवशी करतात तशी, आमच्या गोठ्यात खांदशेकणी झाली. वर्षभर जू वाहून बैलाच्या मानेवर जिथे घट्टे पडतात, तिथे तूप-हळद लावायची आणि पळसाच्या पानांनी ती जागा शेकायची. सालदार हे काम कोणाला करू देत नसे. त्याने दोघा बैलांचे खांदे हळूहळू, बोटांनी दाबून चोळले. एका बैलाने मान लांब करून डोळे मिटले. मग सालदाराने दोघांच्या कानाशी जाऊन दरवर्षीचं आमंत्रण दिलं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” एकदा आवतण दिलं की दुसऱ्या दिवशी त्यांच्या मानेवर काही चढवायचं नाही. तो दिवस त्यांचा.

फोटोग्राफर गोठ्याच्या दारात उभा राहून हे बघत होता. बाबांनी मोठ्या हौसेने विचारलं, याचा फोटो घ्यायचा का? तो म्हणाला, छान आहे हो, पण ह्यात तारुण्य नाही. आणि जांभई दिली.

पोळ्याच्या सकाळी लख्ख ऊन पडलं. कलावंत अंथरुणातून ओरडतच उठला, “प्रकाश! प्रकाश!” त्याला आता शेवटचा, प्रदर्शनाच्या दर्शनी भिंतीवर लागेल असा फोटो हवा होता. तरुण, धरणी आणि बैल. त्याला हवा होता नांगर. भादव्याच्या तोंडावर नांगर! उभ्या पिकात त्या दिवसांत तण काढायचा डवरा चालतो, तोही बैलांच्या तोंडाला मुसकं बांधून. मी त्याला डवरा दाखवला. तो म्हणाला, हे काय किडकिडीत, ह्याच्यात महाकाव्य नाही. शेवटी गोठ्यालगतच्या सपरीतून जुना लाकडी नांगर काढला, कोळ्यांची जाळी झाडली आणि नाल्याकाठच्या पडीक पट्ट्यावर नेऊन ठेवला. त्या पट्ट्यात दगडाशिवाय काही उगवत नसे. पण मागे टेकडी दिसत होती.

सालदार नाल्यावर बैल धुऊन तिकडूनच घेऊन आला. अंगं न्हालेली, पांढरीशुभ्र, खांद्यांवर हळद. बाबांनी त्याला नांगराकडे बोट दाखवलं.

“मालक, आज बैलायच्या मानेवर जू ठेवत नाई,” तो म्हणाला.

“ते मले शिकवतं का तू? जुपाचं कोन म्हनते? नुसतं ठेवाचं हाये. फोटूपुरतं.”

“फोटूपुरतं बी जूच असते, मालक. काल म्या आवतन देल्लं त्यायले.”

बाबांनी फोटोग्राफरकडे पाहिलं. पाहुण्यासमोर गडी उलट बोलतो म्हणजे काय! फोटोग्राफर हसून म्हणाला, “अहो, जनावरांना पंचांग थोडंच कळतं?” बाबा हसले. साहेबाच्या नातलगाने केलेल्या विनोदाला जितकं हसायचं असतं तितकं हसले. आणि मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

“मंग मी हात लावत नाई,” सालदार म्हणाला. त्याने कासरा सोडला आणि पलीकडच्या धुऱ्यावर जाऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

बाबांच्या अंगावर नवं धोतर होतं. फोटोग्राफरला जू कुठून उचलतात तेही ठाऊक नव्हतं. तेव्हा जू मी ठेवलं. हे नीट लिहून ठेवतो, कारण ह्या एकाच गोष्टीसाठी मी एवढं लिहायला बसलो आहे. जू मी माझ्या हातांनी त्या दोन हळदीच्या खांद्यांवर ठेवलं, शिवळांच्या खुंट्या घातल्या, गळ्याशी जोती आवळली. कोणीही मला जबरदस्ती केली नाही. मला नागपूरला लागायचं होतं.

एक प्लेट झाली. फडक्यातून डोकं बाहेर आलं. “स्नायू दिसत नाहीत. चार पावलं ओढू द्या.”

मी बाबांकडे पाहिलं. बाबा टेकडीकडे पाहू लागले. मी नांगर दाबला आणि बैल हाकले. चारची आठ झाली, आठची वीस झाली, कारण कलावंत प्लेटा बदलत होता आणि दर वेळी माझं कुठल्या तरी उदात्त दिशेकडे बघायचं राहून जात होतं. बैल मात्र माझ्या दिशेकडे बघेनात. दोघांच्याही माना त्या धुऱ्याकडे वळत होत्या. फोटोग्राफरने ओरडून सालदाराला आणखी लांब जायला सांगितलं, त्याचं पागोटं मध्ये येतं म्हणून.

हा फोटो पुढे दिवाळीनंतर काच लावून आमच्या घरी आला. खाली लिहिलेलं, ‘भूमिपुत्र’. बरोबरच्या पत्रात होतं, की प्रदर्शनात ह्या चित्राची फार वाखाणणी झाली. तरुण आणि मुके प्राणी दोघेही अनंताकडे पाहत आहेत, ही त्यातली भावना रसिकांना विशेष भिडली म्हणे. अनंत! बैल बघत होते सालदाराकडे, आणि सालदार चौकटीबाहेर. मी बघत होतो ढगाकडे, कारण नाकावर माशी होती. बाबांनी तो फोटो बैठकीत आपल्या गादीच्या वर टांगला. आलेला प्रत्येक पाहुणा म्हणायचा, लेकराचं मातीवर काय प्रेम आहे! आणि बाबा म्हणायचे, आमच्या रक्तातच हाये ते. अशा वेळी मी उठून परसात जात असे. सगळ्यांना वाटायचं, पोरगं लाजलं.

पण फोटो नंतर आला. पोळा त्याच दिवशी होता.

कलावंताला गाडी गाठायची होती, म्हणून आईला त्याचं पान आधी वाढावं लागलं. पोळ्याची पहिली पुरणपोळी बैलांची असते. आमच्या घरी ती त्या दिवशी फोटोग्राफरने खाल्ली, वर आणखी तूप मागून. आई स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. तो गेल्यावर मी गोठ्यात जाऊन बैलांच्या माना ओल्या फडक्याने पुसल्या. जुवाखाली हळदीत काळा पट्टा उमटला होता आणि केस उलटे झाले होते. मी पुन्हा तूप-हळद थापली, चांगली जाड. अंगावर गेरूचे ठसे मारले, झुली घातल्या, शिंगांना बेगड लावली. लांबून कोणाला काही कळलं नसतं.

सालदार आला. त्याने ते सगळं पाहिलं. घुंगरांच्या माळा तेवढ्या नीट केल्या.

उन्हं कलली तेव्हा आखर भरून गेलं होतं. चाळीसेक जोड्या तोरणासमोर उभ्या, डफडं वाजतंय, माणसं एकमेकांना चिडवत झडत्या, म्हणजे पोळ्याची चढाओढीची गाणी म्हणताहेत. सगळ्यांच्या पुढे आमची जोडी. कडेला ती पोरं उभी होती, बापाच्या कोटातलासुद्धा. एका बैलाचा कासरा माझ्या हातात, दुसऱ्याचा सालदाराच्या. तोरण तुटायच्या घडीला दोन्ही कासरे माझ्याकडे यायचे आणि मी पाऊल टाकायचं, अशी रीत.

तोरण तोडायचे ते गावचे पाटील. पंचाहत्तरीचे, डोळ्यांनी अधू, जवळचा माणूसही आवाजावरून ओळखायचे. तोरण तोडण्याआधी ते मानाच्या जोडीला गंध लावत आणि दोघांच्या खांद्यांवरून हात फिरवत. त्यांनी पहिल्या बैलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच थांबला. मग दुसऱ्याच्या. जाड तुपाखाली त्यांची बोटं मागे-पुढे फिरली. त्यांनी हात नाकाशी नेला.

“आज जू होतं ह्यायच्यावर,” ते म्हणाले.

डफडं थांबलं. बाबा पुढे झाले. “काय सांगावं पाटील, म्या तं सकायपासून पाहुन्यात होतो. गड्यानं ठेवलं असन.”

“गड्यानं न इचारता केलं असन तं दोष गड्याचा,” पाटील म्हणाले. “घराचा मान राह्यते. अन् घरातल्यानं केलं असन, तं जोडी मांगं जाईन. सगळ्यायच्या मांगं.” त्यांनी मान फिरवून आवाजाचा अंदाज घेतला. “कासरा कोनं धरला? लेकरानं? सांग लेका, तू शायेत शिकतं. कोनं ठेवलं जू?”

मला सुटका नव्हती आणि सुटकेची गरजही नव्हती. खरं काय ते चौघांना ठाऊक होतं. त्यातला एक पुरणपोळी खाऊन कारंज्याच्या वाटेवर होता. एकाने नुकताच आपला बचाव केला होता. उरलो सालदार आणि मी. तो माझ्याकडे पाहत होता. रागाने नाही, विनवून तर मुळीच नाही. मी गाठ बरोबर मारतो की नाही हे बघताना तो पाहायचा, तसाच. मला वाटलं, जोडी मागे गेली तर चाळीस जोड्यांच्या धुळीत मी शेवटी चालेन आणि ती पोरं मला बघतील. ह्यापलीकडे काही वाटलं नाही. माझ्या डोळ्यांतलं रान ते एवढंच.

“त्यानं,” मी म्हणालो.

पाटलांनी मान डोलावली. “बरं. मंग त्यानं आज बैलायले हात लावू नये. घरी जाय म्हना.”

त्याला बोलता आलं असतं. गावात त्याच्या शब्दाला किंमत होती, कदाचित बाबांच्या शब्दाहून जास्त. पण त्याने दुसऱ्या बैलाच्या गळ्यातली माळ सरळ केली, माझ्याजवळ आला आणि आपल्या हातातला कासरा माझ्यापुढे धरला.

“घ्या, मालक,” तो म्हणाला.

अकरा वर्षांत त्याने मला असं कधी म्हटलं नव्हतं. मी कासरा घेतला. तो जोड्यांच्या मधून, कोणाला धक्का न लागू देता, गावाकडे निघून गेला. बैलांनी माना वळवल्या तशी मी दोन्ही कासऱ्यांना हिसका दिला.

मग तोरण तुटलं, डफडं वाजलं, आणि मी पहिला गेलो.